पेटला तरच कंदील : आमची वाटचाल

२००७ साली कराडमधलं वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान मी सांभाळायला घेतलं, तेव्हा भारनियमन जोरात होतं. दुकानात जळालेल्या पंपाच्या मोटारी यायच्या, आणि त्या उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर कंदीलही यायला लागले. माळ्यावरून काढलेले, गळके, काजळी धरलेले. "ताई, एवढा डाख मारून द्या, पोरांची परीक्षा आहे," म्हणून लोक ठेवून जायचे. आमच्या धंद्याची सुरुवात एवढीच. पुरातन वस्तू वगैरे शब्द तेव्हा आमच्या तोंडी नव्हते.

बहुतेक कंदिलांवर एकच नाव असायचं, प्रभाकर. आम्हा कराडकरांना त्याचं अप्रूप सांगावं लागत नाही. आमचं रेल्वे स्टेशन ज्या ओगलेवाडीत आहे, ती वाडीच मुळी या कंदिलाच्या घरची. ओगले बंधूंच्या काच कारखान्याची सुरुवात १९१६ ची. परदेशी कंदिलांनी बाजार भरलेला असताना त्यांनी काच आणि पत्रा दोन्ही इथे करून कंदील उभा केला आणि त्याला वडिलांचं नाव दिलं. कारखाना बंद पडून आता बरीच वर्षं झाली, पण त्याचे कंदील अजून माझ्या टेबलावर येतात आणि नीट केले तर पेटतात. मला या कामाचं वेड लागलं ते इथेच.

पहिली मोठी चूकही प्रभाकरवरच झाली. एका निवृत्त गुरुजींनी त्यांच्या आईचा कंदील आणून दिला होता. मी उत्साहाने गंजाबरोबर जुना रंगही काढला, बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, लावून पत्रा चकचकीत केला. टाकीवरचं उठावदार नाव त्यात झिजून गेलं. गुरुजींनी कंदील हातात फिरवला, नावाच्या जागेवरून अंगठा फिरवला आणि पैसे मोजून दिले. मी पैसे घेतले नाहीत, पण नाव काही परत आलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे बफ फक्त मोटारींसाठी आहे. कंदिलाचा सैल गंज आम्ही हाताने काढतो, टिकून राहिलेला रंग तसाच ठेवतो. पितळी दिव्याला चिंच आणि मीठ, आणि तेही गिऱ्हाइकाने सांगितलं तरच.

खरं काम दिसत नाही, ते बर्नरमध्ये, म्हणजे वात धरणाऱ्या भागात असतं. धूर करणाऱ्या दहा कंदिलांतले आठ केवळ बर्नरची बारीक भोकं बुजल्यामुळे धूर करतात. ज्योतीला खालून हवाच मिळत नाही. धुण्याचा सोडा घालून बर्नर अर्धा तास उकळायचा, मग सुईने एकेक भोक मोकळं करायचं. वात सुती हवी, कोरडी हवी, आणि कात्रीने सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित उडवलेले हवेत. नाहीतर ज्योतीला शिंगं फुटतात आणि काच एका बाजूने काळी होते. टाकीचे पोचे आमचे तांबटकाका लाकडी हातोडीने काढतात. आयुष्यभर त्यांनी हंडे-कळश्या घडवल्या, त्यामुळे पत्रा कुठे ताणला गेलाय ते त्यांच्या बोटांना कळतं. शेवटी टाकीत रॉकेल भरून ती रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवायची. सकाळी कागद कोरडा असेल तरच कंदील पुढे जातो.

काचेने मात्र आम्हाला रडवलं. भारनियमन कमी झालं, घरोघरी इन्व्हर्टर आले, गावातलं गिऱ्हाईक आटलं आणि पुण्या-मुंबईचे संग्राहक यायला लागले. त्यांच्याकडे इंग्लिश, जर्मन दिवे. बर्मिंगहॅमच्या हिंक्स कंपनीचा डुप्लेक्स (दोन वातींचा) बर्नर पहिल्यांदा उघडला तो दिवस माझ्या लक्षात आहे. दोन चपट्या वाती शेजारी शेजारी आणि दोन्ही ज्योती एकदम विझवायला एक छोटा दांडा! अशा दिव्यांच्या काचांची उंची आणि फुगवटा मनाला येईल तसा ठेवता येत नाही. हवेची ओढ त्यावरच ठरते. म्हणून मापं देऊन फिरोजाबादहून काचा फुंकून मागवल्या. पहिल्या ५० मधल्या ३१ वात वाढवताच तडकल्या. काच भट्टीतून काढल्यावर पुरेशी हळूहळू थंड केलेली नव्हती. ते वर्ष आमचं तोट्यात गेलं. आता प्रत्येक काच दहा मिनिटं मंद वातीवर, मग अर्धा तास मोठ्या वातीवर तापवून पाहिल्याशिवाय आम्ही देत नाही.

दुसरा तोटा आम्ही समजून-उमजून केला. एका हॉटेलवाल्याला १२० कंदील हवे होते, टाकीला भोक पाडून, आत वायर घालून, बल्ब लावलेले. त्या ऑर्डरवर दोन वर्षं चालली असती. वडील तेव्हा हयात होते. मोटारींच्या धंद्यात आयुष्य गेलेला माणूस, विजेवर त्यांचा काय राग असणार! पण ते म्हणाले, "भोक पाडलेली टाकी पुन्हा टाकी होत नाही." आम्ही नाही म्हणालो. पगार भागवायला मोटारी होत्याच.

आज आम्ही चौघं आहोत. महिन्याला साधारण २५ दिवे होतात, जास्त घेत नाही. शिकागोहून एका मराठी कुटुंबाने आजोळचा कंदील पाठवला होता. त्यांनी तो गणपतीत पेटवला आणि व्हिडिओ पाठवला. ज्योत सरळ होती, मी तेवढंच पाहिलं. प्रत्येक दिव्याबरोबर एक कागद देतो : पेट्रोल कधीही भरू नका, जळत्या दिव्यात रॉकेल ओतू नका, खोलीची खिडकी उघडी ठेवा.

प्रभाकरच्या मूळ काचा मात्र आता मिळेनाशा झाल्यात. तुमच्या माळ्यावर सडलेला कंदील असेल आणि त्याची काच शाबूत असेल, तर मोडीत देण्याआधी आम्हाला एकदा विचारा. पत्रा गेला असला तरी चालेल. काच जुन्या धोतरात गुंडाळून, उभी ठेवून आणा.