लकी लूझरची रॅकेट

ठाण्यात नौपाड्याला माझं रॅकेट गटिंगचं, म्हणजे रॅकेटला तारांची जाळी घालून देण्याचं, छोटं दुकान आहे. वर्षभर बॅडमिंटनचं काम जास्त, पण ठाण्यात किंवा नवी मुंबईत आयटीएफची (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची) टेनिस स्पर्धा भरली की आठवडाभर मशीन उचलून मी कोर्टाशेजारी टेबल मांडतो. त्यात फार पैसे सुटतात म्हणून नव्हे. टेनिस खेळणं हाच ज्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे अशी माणसं मला तिथेच भेटतात. टीव्हीवर दिसतात ती नव्हेत, त्यांच्या खूप खालची.

पुरुषांची सर्वांत खालची व्यावसायिक स्पर्धा १५,००० डॉलरची असते. हा आकडा ऐकून नातेवाइकांचे डोळे मोठे होतात, पण ती रक्कम एकेरी-दुहेरीच्या सगळ्या खेळाडूंत मिळून वाटायची असते. एकेरी जिंकणाऱ्याला २,१६० डॉलर आणि मुख्य ड्रॉच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला १५६, म्हणजे कर कापायच्या आधी साधारण तेरा हजार रुपये. मुख्य ड्रॉमध्ये जागा मिळवायच्या आधीच्या फेऱ्यांत, म्हणजे क्वालिफाइंगमध्ये, गारद होणाऱ्याला काहीच नाही. प्रवास, राहणं, जेवण आणि गटिंग, सगळं ज्याचं त्याने बघायचं. तरी २०१७ पासून हा आकडा १५,००० झाला. त्याआधी १०,००० होता.

कोणाचा महिना कसा चाललाय हे मला रॅकेटच्या जाळीवरून कळतं. आजकाल बहुतेक सगळे पॉलिएस्टरची तार वापरतात. १९९७ मध्ये गुस्तावो कुर्तेन असल्याच तारेवर फ्रेंच ओपन जिंकला आणि मग ती सगळीकडे पसरली. पॉली लवकर तुटत नाही, पण लवकर मरते. वरून धड दिसते, आतला ताण मात्र गेलेला असतो. चेंडूवरचा ताबा सुटतो आणि झटका थेट कोपराला बसतो. ज्याला परवडतं तो प्रत्येक सामन्याला नवी जाळी घेतो. ज्याला परवडत नाही तो तुटेपर्यंत खेळतो. अशी मेलेली जाळी बोटाने छेडली की ठणकत नाही, नुसती ठक वाजते.

सांगलीहून आलेल्या त्या मुलाच्या दोन्ही रॅकेटी तशाच वाजत होत्या. वय तेवीस-चोवीस. सकाळ-संध्याकाळ तिकडच्या क्लबात लहान मुलांना शिकवतो आणि त्या पैशांतून महिना-दोन महिन्यांनी एखादी स्पर्धा खेळतो. मुक्काम कोपरखैरण्याला मामाकडे. मामा एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. हॉटेल घ्यावं लागलं असतं तर हा आलाच नसता, असं त्यानेच मला सांगितलं.

सोमवारी क्वालिफाइंगच्या शेवटच्या फेरीत तो हरला. क्वालिफाइंगला तिसरा सेट पूर्ण खेळवत नाहीत, दहा गुणांचा टायब्रेक असतो. तो ८-१० ने गेला आणि त्याच सामन्यात एका रॅकेटची तारही तुटली. ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "दादा, आत्ता गटिंग नको. सांगलीला जाऊन बघतो." रात्रीची ट्रॅव्हल्स होती, पण मंगळवारी सकाळी तो पुन्हा हजर. लकी लूझरच्या यादीवर सही करायला.

हे थोडं समजावून सांगतो. मुख्य ड्रॉमधल्या कोणी आयत्या वेळी माघार घेतली तर क्वालिफाइंगच्या शेवटच्या फेरीत हरलेल्यांपैकी एकाला त्याची जागा मिळते. त्यासाठी त्या दिवशीचे सामने सुरू होण्याआधी रेफरीकडे सही करायची आणि बोलावणं येईल या आशेवर बसून राहायचं. बहुतेकांना ते येत नाही. परदेशी मुलं पुढच्या गावाला निघूनही जातात. हा माझ्या टेबलामागच्या सावलीत किटबॅगवर डोकं ठेवून पडला होता.

अकराच्या सुमारास एका खेळाडूचं पोट बिघडल्याची बातमी आली आणि पाठोपाठ रेफरीचा माणूस याचं नाव पुकारत आला. मुलगा उठला, बूट बांधता बांधता मला म्हणाला, "दादा, किती वेळ लागेल?"

"अर्धा तास. तार कुठाय?"

त्याने बॅगच्या कप्प्यातून रिळाचा उरलेला तुकडा काढला. हाताने मोजला. पूर्ण रॅकेटला बारा मीटर लागते, ही जेमतेम सहा-सव्वासहा होती. मी म्हटलं, "उभ्या मेन होतील. आडव्या क्रॉसला मी माझी सिंथेटिक गट घालतो. चालेल?" तो म्हणाला, "काहीही घाला," आणि एकुलती एक रॅकेट घेऊन कोर्टवर गेला.

नवीन जाळी घालताना आधी जुनी कापायची असते, मधल्या तारांपासून बाहेरच्या बाजूला. वाटेल तशी कापली तर फ्रेम पिळते. त्याची फ्रेम आधीच थकलेली होती. वरचं ग्रोमेट, म्हणजे तारेच्या भोकातलं प्लास्टिकचं अस्तर, झिजून तार लाकडात करवत चालावी तशी कार्बनला घासत होती. तिथे मी नळीचा तुकडा सरकवला. पॉली ४८ पाउंडांच्या ताणावर, सोळा मेन. मऊ गट दोन पाउंड जास्त, एकोणीस क्रॉस. एक वरून, एक खालून, एकेक तार विणत जायचं. पॉलीवरून गट भराभर ओढली तर घासून जळते, म्हणून घाई झाली तरी हात सावकाशच चालवावा लागतो. मध्ये अंपायरचा आवाज यायचा आणि त्यावरून कळायचं की पहिला सेट ६-३ ने गेला.

समोर युरोपातून आलेला, तिशीकडे झुकलेला खेळाडू होता. त्याचंही काम माझ्याकडेच होतं. रोज दोन रॅकेटी, रोज नवी तार, तारेच्या ताणाचा आकडा अर्ध्या पाउंडापर्यंत लिहून द्यायचा. नीट वागणारा माणूस. त्याच्या पुढच्या सामन्यासाठीच्या दोन रॅकेटी मी सकाळीच करून ठेवल्या होत्या.

दुसऱ्या सेटमध्ये ४-३ वर आपल्या सांगलीच्या मुलाची जाळी तुटली. तेवढ्यात माझी शेवटची गाठ मारून झाली होती. मी टोकं कापली आणि रॅकेट आत पाठवली. पहिले दोन फटके लांब गेले, कारण नवी जाळी वेगळी उसळते. मग त्याने पकड थोडी बदलली असावी. सर्व्हिस राखली आणि थोड्या वेळाने तो सेट ६-४ ने घेतला. खाडीकडून येणाऱ्या दमट हवेत चेंडू फुगून जड झाले होते, त्या ताज्या जाळीचा तिथे उपयोग झाला असं मी म्हणेन. बाकी सगळं त्याच्या पायांचं होतं. एवढा धावणारा मुलगा मी जवळून पाहिला नव्हता.

मामा तेव्हाच आले. मार्केटचं काम आटपून थेट, खांद्यावर टॉवेल तसाच. पायरीवर बसले आणि मला विचारलं, "आपला जिंकतोय का?" मी म्हटलं, बरोबरीत आहे. मग प्रत्येक गुणानंतर ते माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवून हो किंवा नाही सांगायचो.

तिसऱ्या सेटमध्ये ३-२ असताना समोरचा एका आखूड चेंडूवर धावला आणि मांडी धरून उभा राहिला. फिजिओ आला, पट्टी बांधली. दोन गुण खेळून त्याने हात पुढे केला. सामना सोडला. मामांना कळेना, संपलं कसं. मी सांगितलं, "जिंकला." ते म्हणाले, "पण तो तर दुखावला ना?" तरीही तो विजयच धरतात. २५८ डॉलर नक्की झाले आणि एटीपीचा, म्हणजे पुरुषांच्या जागतिक क्रमवारीचा, एक गुण मिळाला, आयुष्यातला पहिला. एका गुणावरही जागतिक यादीत नाव येतं.

तासाभराने तो युरोपीय खेळाडू मांडीला बर्फ बांधून माझ्या टेबलावर आला. न वापरलेल्या दोन रॅकेटींचे पैसे त्याने मोजून दिले. मी नको म्हणत होतो, तर म्हणाला, तुझं काम तर झालं आहे. गुण ५२ आठवडेच टिकतात आणि गेल्या वर्षी एका उपांत्य फेरीचे मिळालेले चार गुण त्याचे पुढच्या आठवड्यात गळणार होते. ते भरून काढायला तो भारतात आला होता, अजून दोन स्पर्धा ठरल्या होत्या. आता घरी परतायचं तिकीट शोधत होता. त्याचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. ज्या मुलासाठी मी दिवसभर देव पाण्यात घातले होते, त्याचा गुण या माणसाच्या मांडीतून आला होता.

संध्याकाळी टेबल आवरताना मामांनी विचारलं, यातून याचं भागेल का. मुलानेच उत्तर दिलं. सुमित नागलचं उदाहरण या मुलांना तोंडपाठ असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये तो देशाचा पहिल्या क्रमांकाचा एकेरी खेळाडू होता आणि बँकेत ९०० युरो उरल्याचं त्याने स्वतः सांगितलं होतं. वर्षाचा खर्च ८० लाख ते १ कोटी. चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये क्वालिफाइंगमधून येऊन त्याने ३१ व्या मानांकित बुब्लिकला हरवलं. मुलगा मामांना हे पाठ केल्यासारखं सांगत होता आणि नऊशे युरो म्हणताना त्याचा आवाज अडखळत नव्हता. मामा एवढंच म्हणाले, "मग तू सकाळच्या बॅचला कधी जाणार?" बॅच गुरुवारनंतर, असं ठरलं. गुरुवारी मानांकित खेळाडूकडून तो ६-२, ६-१ ने हरला आणि त्याच रात्री सांगलीला गेला.

माझे पैसे द्यायला तो विसरला नाही. मी तारेचे घेतले, मजुरी घेतली नाही. पण हे माझ्यासारख्या एकट्याने करायचं काम नव्हे. आपल्याकडे स्पर्धा भरवणारे बॅनर आणि बक्षीस समारंभाच्या स्टेजवर जेवढं घालवतात, त्याच्या किरकोळ भागात क्वालिफाइंगच्या प्रत्येक खेळाडूच्या एका रॅकेटचं गटिंग तारेसकट होऊ शकतं. यापुढे ज्या स्पर्धेत मला टेबल मांडायला बोलावतील, तिथे मशीन गाडीत चढवण्याआधी मी हे विचारणार आहे. ते तार देणार असतील तर क्वालिफाइंगच्या दोन्ही दिवसांची मजुरी मी सोडायला तयार आहे.