एका स्क्रीनशॉटपायी दोनदा दिलेली नेट

परवा माळ्यावरची कागदपत्रं काढताना १८ जून २०२४ चं नेटचं (कॉलेजात प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेचं) हॉलतिकीट हाताला लागलं आणि पुन्हा तोच राग वर आला. म्हटलं आता एकदाचं लिहूनच टाकू.

मी तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे तास घेतला तर पैसे, कॉलेजला सुट्टी तर घरात पण सुट्टी. त्या वेळी सेंटर संभाजीनगरला आलं होतं. आदल्या दिवशीच अंबाजोगाईहून एसटीनं निघाले (अर्ध्या तिकिटात, तेवढं एक बरं), पोरगं सासूबाईंकडे, रात्री मैत्रिणीकडे मुक्काम. सकाळी गेटवर बांगड्या काढ, केसातली पिन काढ, सगळं झालं, मग तीन तास, दीडशे प्रश्न, ओएमआरवर गोळे काळे करत बसले. इतकी वर्षं कॉम्प्युटरवर होणारी नेट त्या वर्षीच परत पेन-पेपरवर आणली होती. पेपर चांगला गेला, खोटं कशाला बोलू, लय चांगला गेला.

दुसऱ्या दिवशी रात्री व्हॉट्सॅपवर मेसेज. परीक्षा रद्द. आधी वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय, आमच्या ग्रुपवर असे लोक आहेत. पण खरंच होतं. ९ लाखांवर पोरांनी दिलेली परीक्षा एका रात्रीत गेली. कारण काय तर गृहखात्याच्या सायबरवाल्यांकडून इनपुट आलं, आणि मग शिक्षणमंत्र्यांनी सांगितलं की पेपर डार्कनेटवर, म्हणजे इंटरनेटच्या लपलेल्या भागात होता. सासूबाईंना डार्कनेट म्हणजे काय ते सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. त्यांचा साधा प्रश्न, "म्हंजी तू काय केलंस?" मी काय केलं! काहीच नाही. पण परीक्षा रद्द झाली की देणारा प्रत्येक जण आपोआप थोडा संशयित होतो ना, हे त्या एका प्रश्नानं कळलं.

खरी गोष्ट पुढं आहे. जुलैत बातम्या आल्या की पेपर फुटल्याचा पुरावा म्हणून फिरलेला स्क्रीनशॉटच सीबीआयच्या तपासात बनावट निघाला. पहिल्या शिफ्टचा पेपर झाल्यावर फोटो काढला आणि वेळ बदलून तो आधीच फुटल्यासारखा टेलिग्रामवर फिरवला, तो पण एका शाळकरी पोरानं. म्हणजे पेपर फुटला असं जे सांगितलं त्याचा पायाच खोटा. मग काही जण सुप्रीम कोर्टात गेले, की बाबांनो फुटलाच नाही तर पुन्हा परीक्षा कशाला, पण तोवर ऑगस्ट उजाडला होता, नव्या तारखा लागल्या होत्या, कोर्ट म्हणालं आता थांबवलं तर आणखी गोंधळ होईल. कोर्टाचं तरी काय चुकलं म्हणा. जानेवारी २०२५ मध्ये सीबीआयनं केस बंद करण्याचा रिपोर्ट दिला आणि विषय संपला.

आता हे नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, शेजारी ठेवून बघा. त्याच वर्षी, आमची नेट घेणाऱ्या त्याच एनटीए या सरकारी संस्थेची परीक्षा, ५ मे ची. तिथं हजारीबाग आणि पाटण्यात पेपर खरोखर फुटला होता, हे कोर्टानंही मान्य केलं. चौकशीचे धागे आपल्या लातूरपर्यंत आले होते, आमच्याकडे तर दर दुसऱ्या घरात नीटवालं पोरगं, त्यामुळे तो महिनाभर चहाच्या टपरीवर दुसरा विषयच नव्हता. ७२० पैकी ७२० घेणारे ६७ जण, १५६३ जणांना ग्रेस मार्क, मग ते काढून घेतले. तरी ती परीक्षा राहिली, कारण पेपरफुटी सगळीकडे पसरल्याचा पुरावा नाही. असेल, मला ते पटतंही, २४ लाख पोरांना पुन्हा बसवणं सोपं नाही. पण मग आमच्या वेळी एवढी घाई का? दोन दिवस थांबून, तो फोटो नक्की कधीचा हे बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? मला विचाराल तर नीटमध्ये इतकी अब्रू गेली होती की नेटमध्ये आपण किती कडक आहोत हे दाखवायचं होतं. हा माझा अंदाज, पुरावा नाही.

एनटीएचे प्रमुख बदलले, परीक्षा सुधारायला राधाकृष्णन समिती बसली, पेपरफुटीविरुद्ध नवा कायदा लागू झाला, दहा वर्षांपर्यंत जेल, एक कोटी दंड. सगळं झालं. फक्त त्या ९ लाखांना कुणी असं म्हटलं नाही की आमचं चुकलं, पेपर फुटलाच नव्हता, तुम्ही उगाच दोनदा बसलात. मंत्र्यांनी नैतिक जबाबदारी घेतली होती, पण ती पेपर फुटल्याची, म्हणजे जे झालंच नव्हतं त्याची.

ऑगस्टअखेर पुन्हा दिली, या वेळी कॉम्प्युटरवर. फी परत भरावी लागली नाही. एसटी, मैत्रीण, बांगड्या, पिन, सगळं परत. पेपर पहिल्याइतका चांगला नाही गेला.

ऑक्टोबरात निकाल लागला, नेट निघाली. पेढे वाटले. कॉलेजात एचओडी सर म्हणाले अभिनंदन मॅडम, आणि पुढच्या आठवड्याचं टाइमटेबल हातात दिलं. तासिका तेवढ्याच.