पान्यांना रंग: मिलिमीटर, इंची आणि व्हिटवर्थ वेगळे करण्याचं काम कुठवर आलंय

आमच्या शेडमध्ये सध्या तीन गाड्या आहेत आणि तिन्हींच्या नट-बोल्टची जात वेगळी. माझी जुनी बुलेट व्हिटवर्थवाली (जुनी ब्रिटिश मापं), मित्राची येझदी मिलिमीटरवाली आणि त्याच्या मामांची महिंद्राची सीजे-३बी जीप इंचीवाली. पाने मात्र सगळ्यांचे एकाच ट्रॉलीत. ट्रॉली नीटनेटकी दिसावी ही हौस मला नाही. जेमतेम बसणारा पाना नटाचे कोपरे खातो, आणि बुलेटचा मूळ नट पुन्हा मिळवायचा तर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात अख्खा रविवार घालवावा लागतो. म्हणून हा रंगाचा उद्योग.

ज्यांनी फक्त अलीकडच्या गाड्या उघडल्यात त्यांच्यासाठी भानगड काय ते आधी सांगतो. मिलिमीटरच्या पान्यावर १३ लिहिलंय म्हणजे जबडा १३ मिमी. इंची पान्यावर १/२ एएफ म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. इथवर सरळ आहे. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा मात्र जबड्याचा नसतोच, तो असतो बोल्टच्या व्यासाचा. १/४ डब्ल्यूचा (डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ) पाना पाव इंची बोल्टच्या डोक्याला बसतो आणि त्याचा जबडा असतो ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिमी. त्याच तोंडावर बऱ्याचदा ५/१६ बीएस असंही ठोकलेलं असतं, कारण बीएसएफ म्हणजे बारीक आट्यांच्या ब्रिटिश बोल्टचं डोकं त्याच व्यासाच्या व्हिटवर्थपेक्षा एक नंबर लहान. जोसेफ व्हिटवर्थसाहेबांनी १८४१ साली ५५ अंशांचे आटे सुचवले, त्याचा हिशेब आपण अजून पुण्यात बसून करतोय.

आता खरा त्रास कुठे होतो ते बघा. १/४ डब्ल्यूच्या नटावर १३ चा पाना चढतच नाही. १४ चा चढतो आणि खेळतो. ५/१६ डब्ल्यू म्हणजे १५.२ मिमी, तिथे १५ जात नाही आणि १६ ढिला. जीपच्या १/२ एएफ नटावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण ०.३ मिमी मोकळा असतो. नट गंजलेला असेल तर तेवढ्यात कोपरा जातो. उलट काही जोड्या चक्क जुळतात: ३/४ एएफ आणि १९ मिमी (फरक ०.०५), ५/१६ एएफ आणि ८ मिमी, ३/८ डब्ल्यू आणि १८ मिमी. या तिन्ही ठिकाणी खुशाल अदलाबदल करा, मी करतो.

त्यात आपल्या बुलेटची आणखी एक गंमत. कंपनीने आटे टप्प्याटप्प्याने मेट्रिकवर नेले आणि मधल्या मालकांच्या मिस्त्रींनी हाताला येईल तो बोल्ट ठोकला. त्यामुळे एकाच गाडीवर दोन जाती नांदतात. गाडीवरून पाना ठरवता येत नाही, नट बघूनच ठरवावं लागतं. पाना हातात घेतल्यावर तरी तो कुठल्या जातीचा हे ताबडतोब कळायला हवं.

फेब्रुवारी: रंग ठरवणं

पहिली कल्पना सगळ्यांनाच सुचते तीच होती, प्रत्येक साइजला वेगळा रंग. पीबी स्विस कंपनीच्या रंगीत ॲलन की (षटकोनी चाव्या) बघितल्या की मोह होतोच. पण त्या सेटमध्ये नग मोजकेच असतात आणि सेट एकच असतो. आपल्याकडे तीन जाती आणि प्रत्येकीत आठ-दहा साइज. केशरी आणि लाल, आकाशी आणि मोरपंखी यातला फरक ट्यूबलाइटखाली ग्रीस लागलेल्या पान्यावर कोण ओळखणार? शिवाय साइज पान्यावर कोरलेली असतेच, ती रंगाने पुन्हा सांगायची गरज नाही. रंगाने फक्त जात सांगायची. यावर मित्राशी बराच वाद झाला, त्याला इंद्रधनुष्यच हवं होतं. शेवटी शेड माझी असल्यामुळे माझं चाललं.

सगळ्यांत जास्त पाने मिलिमीटरचे. त्यांना रंगच दिला नाही, जे जास्त आहेत ते कोरे ठेवायचे. मेहनत निम्म्याने वाचते आणि रंगीत पाना दिसला की हात आपोआप थबकतो. व्हिटवर्थ पिवळा, इंची निळा. लाल हा जातीचा रंग नाही. जबडा फाकलेला किंवा तडा गेलेला पाना असेल तर त्यावर लाल, म्हणजे वापरायचा नाही. कारखान्यात फाइव्ह-एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत) राबवताना रेड टॅग लावतात, तीच ही पद्धत. हिरवा मुद्दाम टाळला, कारण आमच्यातल्या एकाला लाल-हिरव्यात फरक कळत नाही. पिवळा आणि निळा त्यालाही नीट दिसतात. तुमच्या रंगांची परीक्षा घ्यायची असेल तर मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. पिवळा फिका येतो, निळा गडद. त्या फोटोत दोन रंग सारखेच आले तर अंधाऱ्या शेडमध्येही सारखेच दिसणार.

एप्रिल: रंग टिकवायचा कसा

इन्सुलेशन टेपचा विचारही करू नका. पत्र्याखालच्या उन्हात गोंद बाहेर येतो, टेप सरकते आणि तळहात चिकट होतो. नेलपॉलिश दिसायला झकास आणि पेट्रोलला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण थिनरच्या एका फडक्यात साफ. ज्यांच्याकडे रंगकाम चालतं त्यांच्यासाठी निकामी.

ऑइलपेंट क्रोमवर नुसता मारला तर पापुद्र्यासारखा निघतो. ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने क्रोमची चमक मारायची, थिनरने पुसायचं, मग एच प्रायमर (धातूला धरून बसणारं अस्तर) आणि त्यावर दोन पातळ हात. एवढं करूनही दांड्याच्या कडेला रंग आधी जातो. जुने काळे विलायती पाने मात्र रंगासाठीच घडवल्यासारखे. माझ्याकडचे किंग डिक कंपनीचे दोन पाने जुन्या बाजारातलेच, त्यांच्या दांड्याच्या मधोमध खोलगट पट्टी आहे. रंग फक्त त्या खोबणीत भरला. हात लागतो तो वरच्या कडांना, त्यामुळे खोबणीतला पिवळा अजून कोराकरकरीत आहे.

क्रोमवाल्यांसाठी हीट श्रिंक स्लीव्हवर, म्हणजे तापवली की आकसणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीवर, स्थिरावलो. यात एक हिशेब आहे, तो सविस्तर सांगतो, कारण दुकानदार दोनास एकवालीच (आकसून निम्मी होणारी) स्लीव्ह हातात देतो. स्लीव्ह पान्याच्या डोक्यावरून आत सरकायला हवी आणि दांड्यावर घट्ट बसायला हवी. ती चपटी करून सरकवता येते, म्हणून डोक्याची रुंदी मोजू नका, दोरा गुंडाळून घेर मोजा. माझ्या एका पान्याच्या डोक्याचा घेर ६५ मिमी, म्हणजे २२ मिमी व्यासाची स्लीव्ह लागली. दोनास एकवाली आकसून ११ मिमीवर थांबते, तिचा घेर होतो जवळपास ३५. दांड्याचा घेर ३२. म्हणजे ती गोल गोल फिरत राहणार. तीनास एकवाली २३ मिमी घेरापर्यंत जाऊ शकते, त्यामुळे दांड्याला आवळून बसते. आतून गोंद असलेलीच घ्या. बिनगोंदाच्या स्लीव्हखाली पावसाळ्यात ओल धरते आणि गंज बाहेरून दिसतही नाही. तुकडा बोटभर रुंदीचा पुरे, कोरलेला आकडा झाकला जाणार नाही एवढं बघा. हीट गन नसेल तर उकळतं पाणी गोंदवालीला पुरत नाही. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनची हीट गन तासभर मागून आणा.

इथे एक धोक्याची सूचना. साध्या स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीवर स्लीव्ह चढवली म्हणजे तो इन्सुलेटेड झाला असं अजिबात नाही. खरा इन्सुलेटेड हवा तर १००० व्ही आणि दुहेरी त्रिकोणाची खूण असलेला घ्यावा. त्याच्या लाल-पिवळ्या आवरणावर पॉलिश पेपर, रंग, कोरकाम काहीही करू नका. माझ्या यादीतून ती हत्यारं पहिल्या दिवसापासून बाहेर आहेत.

जून: इतरांचे रंग आडवे येतात

पत्रा कापायच्या कात्र्यांना कंपनीचाच रंग असतो: लाल डावं वळण कापते, हिरवी उजवं, पिवळी सरळ. जीपच्या फरशीचा पत्रा बदलताना पिवळी कात्री पान्यांशेजारी पडली की मित्र हमखास विचारतो, "ही पण व्हिटवर्थ का रे?" वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या क्रिम्पिंगच्या थिंबलचंही तसंच. लाल दीड चौरस मिमीपर्यंतच्या वायरला, निळी अडीचपर्यंत, पिवळी चार ते सहाला. लेथवर टर्निंग करणाऱ्यांच्या कार्बाइडच्या कापायच्या टिपांमध्ये निळा म्हणजे पोलाद, पिवळा स्टेनलेस, लाल बीड. हे सगळे रंग जगभर ठरलेले आहेत, आपल्या शेडसाठी ते बदलणं शहाणपणाचं नाही. मी एवढंच केलं की माझे रंग फक्त पाने आणि सॉकेटपुरते ठेवले आणि पत्र्याची व वायरिंगची हत्यारं समोरच्या भिंतीवर हलवली. भोकात आटे पाडायच्या टॅपना हातही लावला नाही. त्यांच्या दांड्यावर आधीच खाचा असतात: एक खाच पहिला टॅप, दोन खाचा दुसरा, बिनखाचेचा शेवटचा. ही खूण डोळे मिटूनही बोटाला कळते, रंगाहून सरस.

त्यावरून सुचलं म्हणून व्हिटवर्थच्या दांड्यावर एकच पट्टी आणि इंचीवर दोन, थोडं अंतर ठेवून. गाडीखाली झोपून काम करताना रंग दिसत नाही, पट्ट्या अंगठ्याला लागतात.

ट्रॉलीचा व्हिटवर्थचा कप्पा विमानाच्या हँगरसारखा केलाय. फोमचे दोन थर, वर काळा, खाली पिवळा, वरच्या थरात प्रत्येक पान्याच्या आकाराचा खड्डा. पाना जागेवर नसला की पिवळा आकार डोळ्यांत भरतो. विमानात राहिलेलं हत्यार जिवावर बेतू शकतं म्हणून तिथे हे करतात. आमच्याकडे फार तर १/४ चा पाना टाकीखाली विसरतो आणि खंडाळ्याच्या घाटात खडखडतो. फोमसाठी लहान मुलांच्या खेळायच्या चटया वापरल्या, कटरचं पातं नवीन असेल तर सुंदर कापल्या जातात. ठेवण्याआधी पाना पुसला नाही तर फोम तेल पितो आणि फुगतो, तेवढं पथ्य आहे.

राहिलेलं काम

सॉकेट. त्यांना दांडा नाही, स्लीव्ह चढवली तर अरुंद जागेत जात नाहीत आणि बाहेरून रंग मारला तर एकमेकांवर आपटून उडतो. ज्या सॉकेटच्या कमरेला चऱ्यांचा पट्टा आहे त्यांच्या चऱ्यांत रंग भरून वरचा पुसून काढला, ते उत्तम टिकतंय. गुळगुळीतवाल्यांवर मित्राच्या सांगण्यावरून लेथवर उथळ खोबण पाडायची होती, पण पोलाद कडक आहे आणि भिंत मुळात पातळ, त्यामुळे तो बेत रद्द. सध्या सॉकेट अडकवून ठेवायच्या पट्टीलाच रंग दिलाय. पट्टीवरून निघालेलं सॉकेट मात्र अजून बेवारशी.

जपानी गाड्यांचा प्रश्नही उभा आहे. मित्र एक जुनी आरएक्स-१०० आणायच्या तयारीत आहे. तिचे नट मिलिमीटरचेच, त्यामुळे पान्यांना नवा रंग लागणार नाही. पण क्रॅंककेसचे स्क्रू जेआयएस (जपानी मानकाचे), त्यांवर साधा फिलिप्स मारला की चौफुली खलास. जेआयएस स्क्रू ड्रायव्हर दोनच लागतील. मुठी काळ्या आल्या तर टोकाला पांढरा ठिपका द्यायचा, कारण पांढरा अजून कुणाच्या वाट्याला गेलेला नाही.