दोन कात्रणं

सप्टेंबर 2025 चा पहिला आठवडा. पोळा होऊन दहा-बारा दिवस झालेले, कपाशीला बोंडं धरलेली. परभणीतल्या माझ्या ऑफिसात मानवतकडचे एक मामा आले आणि पिशवीतून दोन कात्रणं काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एकात बातमी : कापसावरचा 11 टक्के आयातकर सरकारनं मुदत वाढवून आता 31 डिसेंबरपर्यंत माफ केला. दुसऱ्यात : ट्रम्प यांचे बरेचसे टॅरिफ अमेरिकेच्या अपील कोर्टानं बेकायदा ठरवले.

"तिकडच्या कोर्टाला जमतंय, मग इकडं कामून नाही? संभाजीनगरला हायकोर्टात रिट टाका, वकीलसाहेब."

मी वाटणीचे दावे आणि भूसंपादन चालवणारा माणूस. कस्टम्सचा कायदा परीक्षेपुरता वाचलेला, तोही गाइडमधून. तरी मोबाइलवर त्या माफीची अधिसूचना शोधली. मामांनी ती सहीपर्यंत वाचून घेतली. सही दिल्लीच्या अर्थ मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याची.

"मंजे मंत्र्याचीबी नाही?"

कर बसवायला कायदा लागतो, घटनेचं कलम 265. कापसावरचा हा कर 2021 च्या बजेटमधून आलेला. पण माफीचा अधिकार संसदेनंच 1962 च्या कस्टम्स कायद्यात, कलम 25 नं, सरकारच्या हातात देऊन ठेवलाय. जनहिताला गरजेचं वाटलं की अधिसूचना काढायची. अमेरिकेतलं भांडणच निराळं. तिथं आयातकर हा घटनेनं काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा अधिकार, आणि अध्यक्षांनी आधार घेतला त्या 1977 च्या आणीबाणीच्या कायद्यात टॅरिफ हा शब्दसुद्धा नाही. कोर्ट आधी अधिकार होता का ते बघतं. कापसाचा भाव पडेल का, या हिशेबात ते सहसा शिरत नाही.

"जनहित कुणाचं पण? गिरणीवाल्याचं?"

यावर माझ्याकडं कलम नव्हतं. घाईनं पुढं सांगितलं, कलम 159 प्रमाणं अशी अधिसूचना संसदेपुढं ठेवावी लागते, दोन्ही सभागृहांनी ठरवलं तर ती रद्दही होते. सांगताना तारखा जुळवल्या आणि गप्प झालो. अधिवेशन संपलं 21 ऑगस्टला. मुदतवाढ निघाली 28 ला. पुढचं अधिवेशन हिवाळ्यात.

मामांनी बोटावर मोजलं. दसरा, पहिली वेचणी, दिवाळी, दुसरी वेचणी.

"तवर निम्मा कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर गेलेला राहील."

कात्रणं घडी करून पिशवीत ठेवली.

"रिट राहू द्या मग. खासदाराचा नंबर असंल तर द्या."

मी चिठ्ठीवर लिहून दिला. मामांनी तिथंच बसून लावला.