बरे वाटत असतानाचे औषध

माझ्या धाकट्या जावेला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे. नौपाड्यातल्या आमच्या घरी येणारे नातेवाईक तिला हिंडता-फिरताना पाहून हमखास विचारतात, “आता बरी आहेस ना, मग औषध अजून कशाला?” विचारतात ते काळजीपोटीच, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यावेसे वाटते.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरील मायलिन या आवरणावरच उलटते. नजर धूसर झाली किंवा पाय बधिर पडला, की तीन ते पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड देतात. त्याने लक्षणांचा हा अटॅक लवकर ओसरतो, पण पुढचा टळत नाही. तो टाळण्याची औषधे निराळी आहेत आणि ती बरे वाटत असतानाच घ्यावी लागतात, कारण एमआरआयमध्ये दिसणारे नवे डाग पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखवता उमटत असतात.

1993 साली अमेरिकेत इंटरफेरॉन-बीटाला मान्यता मिळाली. त्या इंजेक्शनांनी अटॅकचे प्रमाण साधारण एक-तृतीयांशाने घटले. 2010 मध्ये फिंगोलिमॉडची गोळी आली. 2017 मध्ये मान्यता मिळालेल्या ऑक्रेलिझुमॅबने चाचण्यांत इंटरफेरॉनच्या तुलनेत अटॅकचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणले.

जावेला रिटुक्सिमॅब देतात. हे औषध मुळात रक्ताच्या कर्करोगाचे; ते बी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, नष्ट करते. स्वीडनमध्ये झालेल्या आणि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दोन वर्षांत डायमिथाइल फ्युमरेट हे एमएसचे दुसरे औषध घेणाऱ्यांपैकी 16 टक्के रुग्णांना अटॅक आला, तर रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी केवळ 3 टक्क्यांना. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठी त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. भारतीय कंपन्या त्याची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी अगदी मिळतीजुळती, आवृत्ती बनवतात, म्हणूनच आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घराला हा उपचार झेपतो, आणि याचे मोल मला फार वाटते.

धोका अर्थातच आहे. प्रतिकारशक्ती दबते, त्यामुळे सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस-बी आणि टीबीची तपासणी झाली, लसीही आधीच उरकून घेतल्या. डे-केअरमध्ये अगोदर पॅरासिटामॉल आणि अॅलर्जीविरोधी औषध देतात, मग सलाइन अगदी सावकाश सोडतात. मागच्या खेपेस तिने “घशात खवखवतंय” म्हणताच सिस्टरनी ते तत्काळ थांबवले, रक्तदाब पाहिला आणि थोड्या वेळाने वेग कमी करून पुन्हा सुरू केले.

ठाण्याच्या मे महिन्यात तिचा पाय जड होतो, तेव्हा घरात सगळेच धास्तावतात. उष्म्याने जुनी लक्षणे तात्पुरती वर येतात आणि अंग थंडावले की ओसरतात. तो नवा अटॅक नसतो. ताप किंवा लघवीचा संसर्ग नसताना नवे लक्षण 24 तासांहून अधिक टिकले, तर मात्र न्यूरोलॉजिस्टना त्याच दिवशी फोन करायचा, हे आता आमच्या सासूबाईंनाही पाठ आहे.