बॉल पुसण्याआधी निरांजन विझलंय का बघा: जांभळ्या बॉलची नोंद ४

मी टेनपिन बोलिंग खेळते. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की माझ्या जांभळ्या रिअ‍ॅक्टिव्ह (लेनवर वळणाऱ्या, तेल शोषणाऱ्या रेझिनच्या) बॉलचे ऐंशीच्या वर गेम झाले आणि तो आता वळायचंच विसरलाय. लेनवर टाकला की सरळ जातो, थेट उजव्या कोपऱ्यातल्या तीन, सहा, दहा नंबरच्या पिनांकडे. तेव्हा बऱ्याच जणांनी सुचवलं, "लेनवरचं तेल पिऊन बसलाय, साफ कर." साफ केला. त्या भानगडीत एक बॉल खराब झाला आणि एकदा घर पेटायचं थोडक्यात वाचलं, म्हणून ही नोंद गेमपेक्षा बाटल्यांवर जास्त आहे.

आधी खराब झालेला बॉल. तो माझा पिवळा स्पेअर बॉल (उरलेल्या पिना पाडायचा), साधा प्लॅस्टिकचा म्हणजे पॉलिएस्टरचा. त्यावर कुणाच्या तरी बुटाचा काळा पट्टा उठला होता. घरात नेलपॉलिश रिमूव्हर होतं, कापसावर घेऊन घासलं. पट्टा गेला, पण कापूस पिवळा झाला आणि कोरलेल्या अक्षरांतला रंग बाहेर फिसकटला. दहा मिनिटांनी नख टेकवून पाहिलं तर तिथे चंद्रकोरीसारखी खूण उमटली. बॉलचा पृष्ठभाग चिकट झाला होता, उन्हात ठेवलेल्या गुळासारखा. रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोन होतं आणि अ‍ॅसिटोन पॉलिएस्टरला मऊ करतं.

मी चुकून केलं ते १९७३ मध्ये अमेरिकन व्यावसायिक बोलर डॉन मॅक्यून यांनी मुद्दाम केलं होतं. त्यांनी प्लॅस्टिकचे बॉल मिथाइल इथाइल कीटोनमध्ये, म्हणजे एमईकेमध्ये, भिजवून मऊ केले. मऊ बॉल लेनला जास्त चावतो. त्या वर्षी ते पीबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बोलरांच्या संघटनेचे, प्लेअर ऑफ द इयर झाले. मग बाकीचेही गॅरेजमध्ये बादल्या मांडून बसले आणि शेवटी बॉल किमान किती कडक असावा याचा नियम आला. एमईके आजही रंगाच्या आणि केमिकलच्या दुकानांत सहज मिळतं. वडगादीत मला एका दुकानदारानं तेच पुढे केलं, "मॅडम, ग्रीस काढायला याच्यासारखं दुसरं काही नाही." बरोबरच आहे त्याचं. ग्रीस निघतं, पाठोपाठ बॉलचं कातडंही निघतं.

शेवटी मी आयपीए घेतलं, आयसोप्रोपाइल अल्कोहोल. लॅमिंग्टन रोडला सर्किट बोर्ड पुसायला जे विकतात तेच. रिअ‍ॅक्टिव्ह बॉलच्या पृष्ठभागाला ते मऊ करत नाही आणि वरचं तेल पटकन उचलतं. एक लिटर घेतलं आणि टॅक्सीनं मुलुंडला आणलं. टॅक्सीनं, कारण लोकलमध्ये ज्वालाग्राही द्रव नेणं हा रेल्वे कायद्यानं गुन्हा आहे. बॉलची बॅग घेऊन लेडीज डब्यात चढले की एरवीच "कलिंगड आहे का गं?" असं विचारतात. त्यात ही बाटली नको होती.

आता निरांजनाची गोष्ट. आमचं देवघर हॉलमध्येच आहे, कोपऱ्यात बुटक्या चौरंगावर. संध्याकाळी मी हॉलमध्ये चटईवर बॉल घेऊन बसले होते. एसी चालू होता, म्हणून खिडक्या बंद. स्प्रे बाटलीनं फवारत होते, पुसत होते, तेलकट फडकी बाजूला टाकत होते. सासूबाई निरांजन घेऊन आल्या आणि काडी ओढायच्या आधी थबकल्या. "अगं, कसला वास सुटलाय हा? दवाखान्यासारखा." मी "थांबा!" म्हणून इतक्या जोरात ओरडले की त्यांच्या हातून काडेपेटीच पडली. नंतर दोन दिवस त्या माझ्याशी जरा तुटकच बोलत होत्या.

ओरडले कारण त्याच दुपारी बाटलीबरोबरची सेफ्टी डेटा शीट वाचली होती. (विकत घेताना मागा, चांगला दुकानदार देतो. सोळा भाग असतात. घाई असेल तर धोक्यासाठी दुसरा, हातमोज्यांसाठी आठवा आणि फ्लॅश पॉइंटसाठी नववा बघा.) फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानापासून द्रवाची वाफ ठिणगी मिळताच पेट घेऊ शकते ते तापमान. आयपीएचा सुमारे १२ अंश सेल्सिअस. मुंबईत जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा एवढा उतरत नाही, म्हणजे आपल्याकडे ही बाटली उघडली की कायम तयारच. एमईकेचा उणे ९ च्या आसपास, अ‍ॅसिटोनचा उणे २० च्या. शिवाय या तिन्हींची वाफ हवेपेक्षा दुप्पट किंवा त्याहूनही जड असते. ती छताकडे जात नाही, फरशीवर पसरते. आणि आमचं निरांजन कुठे? फरशीपासून वीतभर वर.

मग वाटलं, ड्राय बाल्कनीत बसू. तिथे वॉशिंग मशीन आणि शेजारी गॅस गीझर. गीझर आतून ज्योतीवर चालतो हे लक्षात आल्यावर तिथूनही उठले. आता पुढच्या उघड्या बाल्कनीत बसते, दुपारी, हॉलचं दार ओढून. फवारायचं बंद केलंय. फवारा नाकात जातो आणि निम्मं बाल्कनीतच उडतं. फडक्यावर ओतायचं आणि पुसायचं. वापरलेली फडकी दोरीवर वाळत घालते, घरातल्या कचऱ्याच्या डब्यात कोंबत नाही. हात कोरडे पडतात म्हणून नायट्राइलचे हातमोजे वापरते. बोलरचा अंगठा फुटला की महिना गेला, हे सांगायची गरज नाही. पण हे मोजे आयपीएपुरतेच. अ‍ॅसिटोन आणि एमईके त्यातून काही मिनिटांत आरपार येतात.

"नॅचरल" क्लीनरबद्दल एक. संत्र्याच्या वासाचे जे मिळतात त्यात बहुधा लिमोनीन असतं. तेही जळतं, फ्लॅश पॉइंट पन्नासच्या जवळपास. आणि बाटली बरेच दिवस उघडी राहिली की हवेनं त्यात असे पदार्थ तयार होतात ज्यांची त्वचेला अ‍ॅलर्जी येऊ शकते. संत्र्याचा वास आला म्हणून बाटली संत्र्याची होत नाही. कोविडच्या वेळचा उरलेला जेल सॅनिटायझरही वापरून पाहिला, त्यातल्या ग्लिसरीननं बॉलवर बुळबुळीत थर बसला. तोही जळतोच. आणि ब्लीच बॉलच्या आसपासही नको, आयपीएत मिसळायला तर मुळीच नको.

एवढं करून आयपीएनं वरचंच तेल निघालं. आत मुरलेलं बाहेर काढायला ऊष्णता लागते. जांभळ्याच्या छिद्रांवर टेप लावली, बादलीत गीझरचं पाणी आणि चार थेंब भांड्यांचं लिक्विड, स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरवर ५५ अंश, वीस मिनिटं. साठच्या वर जायचं नाही, बॉल तडकू शकतो. पंधराव्या मिनिटाला पृष्ठभागावर मोहरीएवढे पिवळसर थेंब दिसू लागले. पुसले की परत आले. तीन वेळा पाणी बदललं. या कामात ना वास, ना ज्योतीची भीती. सासूबाईंनी स्वतः पाण्याचे मग भरून दिले.

मॅचमध्ये मात्र हे सगळं विसरायचं. यूएसबीसीनं, म्हणजे अमेरिकेच्या बोलिंग संघटनेनं, स्पर्धा सुरू असताना द्रव क्लीनर बंद केलेत, फक्त कोरडा टॉवेल. मी सरावातही आता तेच करते: प्रत्येक फेकीनंतर कोरडं फडकं आणि घरी पोचल्यावर, तेल मुरायच्या आत, आयपीए.

काल लोअर परळला तीन गेम टाकले. पहिल्या गेममध्ये बॉल इतका वळला की हेडपिनच्या (सर्वांत पुढच्या पिनेच्या) डावीकडून निघून गेला. दोन बोर्ड (लेनच्या फळ्या) डावीकडे सरकले तेव्हा पॉकेट, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिनेमधली फट, मिळालं. १४२, १६१, १५५.

आयपीए आधी रिकाम्या पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलं होतं, तेही बदललं. नवऱ्यानं रात्री अंधारात हात घातला होता तिला. आता दुकानातल्याच मूळ कॅनमध्ये, माळ्यावर, गॅसपासून लांब. पुढच्या वेळी अ‍ॅब्रालॉन पॅड (बॉलचा पृष्ठभाग घासायचे), ५०० पासून ४००० ग्रिटपर्यंत. तिथे केमिकल नाही, नुसतं पाणी. धूळ मात्र ओलीच ठेवायची.