हाताला हात

काल पूजा छान झाली. प्रसाद सगळ्यांना पुरला, सासूबाई आरती होईपर्यंत खुर्चीत बसून होत्या. तरी रात्री झोप लागेना. कारण सांगायला जावं तर एवढंसं, म्हणून घरात कुणाला बोलले नाही.

संकल्पाच्या वेळी गुरुजी म्हणाले, "वहिनी, हाताला हात लावा." दर श्रावणात म्हणतात. मी ह्यांच्या उजव्या हाताला बोटं लावली. गुरुजींनी सुरू केलं. श्वेतवाराहकल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुगाचा पहिला चरण. मग जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर. मग शके १९४७, विश्वावसु संवत्सर, दक्षिणायन, वर्षा ऋतू, श्रावण, तिथी, वार, नक्षत्र. मग ह्यांचं गोत्र, ह्यांचं नाव. मी 'सकुटुंब'मध्ये. "करिष्ये म्हणा," गुरुजी म्हणाले. हे म्हणाले, आणि पळीतलं पाणी ह्यांच्या हातावरून अक्षतांसकट ताम्हणात पडलं. माझी बोटं कोरडी राहिली.

बस, एवढंच. इतकी वर्षं हेच होतंय आणि कधी काही वाटलं नाही. (ह्यांचं मनगट किती बारीक झालंय हेही तेव्हाच जाणवलं. ते आज नको.)

रात्री पडल्या पडल्या आठवत बसले, की मी स्वतःहून धरलेलं काय काय होतं. सोळा सोमवार ह्यांच्या नोकरीसाठी. थोरलीच्या दहावीला गुरुवार. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तळ्यातल्या गणपतीला बोललेला नवस. सगळं मनापासून केलं, आजही करेन. पण त्यात माझ्यासाठी मागितलेलं काहीच सापडेना, आणि मग उगाच रडू आलं. तक्रार नाही म्हणायचं होतं. पण थोडी आहे.

समजा गुरुजींनी मला विचारलं असतं, वहिनी, तुमची कामना काय? तर मी एका श्वासात सांगितलं असतं: मला मोडी लिपी वाचायची आहे. आप्पांच्या पेटीतले रुमाल, म्हणजे कापडात बांधून ठेवलेले जुने कागद, सोडायचेत, आणि आत काय लिहिलंय ते कुणाकडून वाचून न घेता स्वतः वाचायचंय.

आप्पा वाचायचे. लहानपणी एकदा त्यांनी मला शेजारी बसवून दाखवलं होतं. आपण आधी अक्षरं काढतो आणि मग वर रेघ मारतो. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घ्यायची, आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, शक्यतो हात न उचलता. दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, कुठे पूर्णविराम नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. कुठला शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्यानं ओळखायचं. आप्पा बोट न टेकवता, कागदाच्या जरासं वरून फिरवत वाचायचे. अडखळले की ओळीच्या सुरुवातीला परत यायचे. माझ्या शाळेपर्यंत मोडी अभ्यासक्रमात उरलीच नव्हती. आप्पा गेले आणि घरात वाचणारं कुणी राहिलं नाही.

हे शहर तर मोडीनं भरलेलं आहे. पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत. सदाशिव पेठेत १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथे मोडीचे वर्ग होतात. तुळशीबागेतून येताना त्या बाजूनं किती वेळा गेले असेन. दर वेळी मनात तेच: शिकायचं. जमेल तेव्हा. धाकटीची परीक्षा झाली की. पाऊस थांबला की.

आणि रात्री दोनच्या सुमारास लक्षात आलं, की काल खटकलं ते नुसतं नाव नसल्याचं नव्हतं. गुरुजी आधी कल्पापासून आजच्या वारापर्यंत येतात, जंबुद्वीपापासून आपल्या नदीकाठापर्यंत येतात, आणि कुठे नि कधी हे पक्कं झाल्याशिवाय काय हवंय ते उच्चारतच नाहीत. मागणं शेवटी, एका ओळीत. माझ्या मोडीला यातलं काहीच नव्हतं. ना जागा, ना वार. नुसती इच्छा.

सकाळी चहा घेताना धाकटीला सहज विचारलं. ती मानसशास्त्राची, तिला लगेच आठवलं. पीटर गोलविट्झर आणि व्हेरोनिका ब्रांडश्टेटर यांचा १९९७ मध्ये छापून आलेला प्रयोग आहे म्हणे. विद्यार्थ्यांना सांगितलं, नाताळच्या आदली संध्याकाळ कशी गेली ते दोन दिवसांच्या आत लिहून पाठवा. त्यातल्या काहींना कधी आणि कुठे बसून लिहिणार तेही आधीच ठरवायला लावलं. अशा ठरवलेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश जणांनी लिहून पाठवलं. बाकीच्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश. पाठवायचं तर सगळ्यांच्याच मनात होतं. "आई, नुसतं 'करणार' म्हणून भागत नाही," ती म्हणाली, "अमुक झालं की मी तमुक करणार, असं बांधून घ्यावं लागतं." कशासाठी विचारतेयस, हे तिनं विचारलं नाही. बरं झालं.

मग बांधून घेतलं. सासूबाईंना साडेनऊची गोळी दिली की लगेच, खिडकीकडच्या टेबलावर, अर्धा तास बाराखडी. मोबाइल आतल्या खोलीत. आणि सोमवारी ऑफिस सुटल्यावर मंडळात जाऊन वर्गाची चौकशी.

लिहिल्यावर क्षणभर वाईट वाटलं, की माझी वेळसुद्धा शेवटी दुसऱ्या कुणाच्या गोळीला बांधलेली. पण या घरात न चुकणारी तेवढी एकच गोष्ट आहे. बाकी सगळं पुढेमागे होतं, जेवणं, टीव्ही, ह्यांचं येणं. ती गोळी होत नाही. ती मीच देते, आणि ती देणं मला कधी जड झालेलं नाही. काल ह्यांच्या हाताला हात लावलेला होता तो काही नुसता रीत म्हणून नव्हता. मग माझं काम त्या गोळीच्या शेजारी जाऊन बसलं तर बसू दे.

पेटी ताईकडे साताऱ्याला आहे. आज दुपारी तिला फोन करून सांगितलं, जमिनीच्या कागदांचा एखादा रुमाल काढून ठेव. खरेदीखतांत तीच तीच वाक्यं परत परत येतात असं आप्पा म्हणायचे, तेव्हा सुरुवातीला तीच बरी. पणजोबांनी पणजीला लिहिलेलं पत्र आहे म्हणतात, ते मात्र एवढ्यात पाठवू नकोस. ते मला अडखळत वाचायचं नाहीये.